त्रिविक्रम मंदिर, तेर

त्रिविक्रम मंदिर हे महाराष्ट्राच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील विटांचे प्राचीन मंदिर आहे. चैत्यगृहाच्या आकाराची, उभी राहिलेली बांधीव वास्तू भारतात फार दुर्मीळ असल्याने स्थापत्याच्या अभ्यासात या मंदिराला विशेष स्थान आहे.

पार्श्वभूमी
तेर हे गाव धाराशिव शहराच्या ईशान्येस, तेरणा नदीच्या काठी वसले आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात उल्लेखिलेले तगर नगर ते हेच, असे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात येथील वास्तूंचे सविस्तर वर्णन केले. संत गोरोबा कुंभार याच गावचे.

रचना
गाभाऱ्याची मागील बाजू अर्धवर्तुळाकार असून त्यावर हत्तीच्या पाठीसारखे गोलाकार छत आहे. अशा विधानास गजपृष्ठाकार म्हणतात. छतासाठी विटांचे थर आडवे रचले असून वरचा प्रत्येक थर किंचित आत सरकवत दोन्ही बाजू माथ्यावर जुळविल्या आहेत. दर्शनी बाजूस चैत्यकमानीची आकृती दिसते. पुढील सपाट छताचा मंडप नंतरच्या काळातील आहे. गाभाऱ्यात बळीच्या कथेतील, एक पाय उचललेली विष्णूची त्रिविक्रम मूर्ती आहे. भिंतींवर चुन्याचा गिलावा असल्याने मूळ वीटकाम बहुतांशी झाकलेले आहे.

काळ व मतभेद
कझिन्स यांच्या मते हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असून पुढे त्याचे विष्णुमंदिरात रूपांतर झाले. तेरच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष सापडल्याने येथील बौद्ध वस्तीस दुजोरा मिळतो. तथापि गजपृष्ठाकार विधान केवळ बौद्धांचे नव्हते. त्यामुळे ही वास्तू आरंभापासूनच हिंदू मंदिर असावी, असेही मत मांडले जाते. तिच्या काळाविषयीही अभ्यासकांत एकमत नाही.

महत्त्व
कार्ले, भाजे व अजिंठा येथील चैत्यगृहे डोंगरात कोरलेली आहेत. ती ज्या बांधीव इमारतींच्या धर्तीवर घडविली गेली, त्या लाकूड-विटांच्या असल्याने बहुतेक नष्ट झाल्या. तेरचे मंदिर आणि आंध्र प्रदेशातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिर ही त्या परंपरेची मोजकी अवशिष्ट उदाहरणे होत. तेर येथेच उत्तरेश्वर हे विटांचे आणखी एक प्राचीन मंदिर असून त्याची कोरीव लाकडी द्वारचौकट गावातील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात जतन केली आहे.