शामोनीच्या खोऱ्यातील डोंगरवाटा: धावण्यासाठी कोणती वाट कोणाला झेपेल?

"डॉक्टर, गुडघ्यासाठी एखादी चांगली गोळी लिहून द्या. फ्रान्सला डोंगरात धावायला चाललोय." पन्नाशी ओलांडलेले एक रुग्ण तपासणीला आले तेव्हा त्यांनी हे सांगितले. त्यांना रक्तदाब आणि मधुमेह, दोन्हींची औषधे सुरू होती. किती धावणार असे विचारल्यावर ते लगेच म्हणाले, "फक्त १५ किलोमीटर." चढ किती, उतार किती, वाटेतली सर्वांत उंच जागा कोणती आणि मध्येच थांबावे लागले तर परत कसे येणार, हे मात्र त्यांना सांगता आले नाही. मी गोळी लिहून दिली नाही. आधी नकाशा उघडायला सांगितला.

सपाट रस्त्यावर अर्धमॅरेथॉन पूर्ण करणारी व्यक्तीही डोंगरवाटेवर अडचणीत येऊ शकते. अशी वाट निवडताना किलोमीटरपेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची असते: चढ तुमच्या हृदयाची आणि फुप्फुसांची परीक्षा घेतो, तर उतार गुडघ्यांची आणि मांड्यांची. आपली कमजोर बाजू कोणती हे ओळखून वाट निवडावी.

शामोनीचे खोरे कसे आहे?

शामोनी हे आल्प्स पर्वतातील फ्रेंच गाव मों ब्लां शिखराच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३५ मीटर उंचीवर आहे. खोऱ्यातून आर्व्ह नदी वाहते. मों ब्लां सुमारे ४,८०० मीटर उंच आहे. या पर्वताला फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंडमधून वळसा घालणारी सुमारे १७० किलोमीटरची यूटीएमबी ही शर्यत २००३ पासून होते. तिच्यात एकूण चढ सुमारे १०,००० मीटर असतो. भारतातूनही धावपटू तिथे जातात. पण खोऱ्यात धावायला जाणारे बहुतेक जण शर्यतीसाठी नव्हे, हौसेने जातात. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

उंचीचा अंदाज यावा म्हणून एक तुलना करू. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. शामोनीतील प्लांप्राझ हे केबल कारचे स्थानक सुमारे २,००० मीटरवर आहे. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण एक पंचमांश कमी असतो. त्यामुळे मुंबईत ज्या वेगाने तुम्ही गप्पा मारत धावता, त्याच वेगाने तिथे धाप लागते. हे अपेक्षितच आहे. वेग कमी करा.

निघण्यापूर्वी हे चार आकडे लिहून काढा

• अंतर
• एकूण चढ
• एकूण उतार
• सर्वांत उंच ठिकाण

श्रमाचा ढोबळ हिशेब असा: दर १०० मीटर चढ म्हणजे सपाटीवरचा आणखी एक किलोमीटर. १० किलोमीटरच्या वाटेत ८०० मीटर चढ असेल, तर ती १८ किलोमीटर समजा. उताराचा त्रास या हिशेबात येत नाही, म्हणून तो वेगळा पाहावा लागतो.

कोणती वाट कोणासाठी?

१. आर्व्ह नदीकाठची वाट. शामोनीपासून ले प्रा गावाकडे जाणारी ही वाट जवळजवळ सपाट आहे. पहिल्या दोन दिवसांसाठी ती सर्वांना योग्य आहे. हृदयरोगानंतर डॉक्टरांच्या परवानगीने पुन्हा धावू लागलेल्यांनी, वजन जास्त असलेल्यांनी आणि ज्येष्ठांनी इथूनच सुरुवात करावी.

२. पेती बाल्कों स्यूद. म्हणजे 'दक्षिणेची छोटी गॅलरी'. ही वाट गावाच्या थोडी वरून, जंगलातून आर्जांतिएरच्या दिशेने जाते. चढ-उतार छोटे पण सतत असतात आणि मुळे व दगड पायात येतात. ज्यांचा घोटा पूर्वी मुरगळला आहे त्यांनी हळू जावे. खोऱ्यातील गावे रेल्वेने जोडलेली आहेत, त्यामुळे दमल्यास खाली उतरून गाडीने परत येता येते. डोंगरात नव्याने धावणाऱ्यांना मी हीच वाट सुचवतो.

३. ग्रां बाल्कों स्यूद. म्हणजे 'दक्षिणेची मोठी गॅलरी'. प्लांप्राझ ते ला फ्लेजेर हे अंतर सुमारे ६ किलोमीटर असून समोर मों ब्लांची पूर्ण रांग दिसते. दोन्ही टोकांना केबल कार आहे, आणि आपल्या दृष्टीने हीच या वाटेची मोठी सोय. हृदयावर ताण नको असेल तर वर केबल कारने जा. गुडघे दुखत असतील तर खाली केबल कारने या.

४. ला फ्लेजेर ते लाक ब्लां. हे सरोवर २,३५२ मीटरवर आहे. ला फ्लेजेरपासून सुमारे पावणेपाचशे मीटर चढ आहे आणि वाट खडकाळ आहे. शेझरी तळ्यांकडून येणाऱ्या वाटेवर लोखंडी शिड्याही आहेत. चक्कर येणारे, उंचीची भीती असणारे आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांनी शिड्यांची वाट टाळावी. अशी औषधे सुरू असताना डोक्याला लागलेला मारही धोकादायक ठरू शकतो.

५. ग्रां बाल्कों नॉर. एग्वी द्यु मिदीच्या केबल कारचे मधले स्थानक २,३१७ मीटरवर आहे. तिथून ही वाट १,९१३ मीटरवरील मोंतांव्हेरला जाते. तिथे मेर द ग्लास ही हिमनदी दिसते आणि गावात उतरायला दातेरी रुळांची रेल्वे आहे. वाटेत एकूण उतार जास्त आहे आणि मोठे दगडही आहेत. एक मोह मात्र टाळा: त्याच केबल कारने ३,८४२ मीटरच्या टोकावर जाऊन आल्यावर लगेच धावायला निघू नका. इतक्या उंचीवर काही मिनिटांत पोहोचल्यावर डोके जड होणे आणि चक्कर येणे शक्य असते.

६. उभा किलोमीटर. शामोनी ते प्लांप्राझ हा १,००० मीटरचा चढ अवघ्या ३.८ किलोमीटरमध्ये आहे. यावर शर्यतही होते. छातीत दुखण्याचा इतिहास, नियंत्रणात नसलेला रक्तदाब किंवा तपासणी न झालेली धाप असेल, तर ही वाट तुमच्यासाठी नाही.

उतारावर काय होते?

उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन रोखून धरतात. त्यामुळे स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते. त्या वेळी काही जाणवत नाही. दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते. म्हणून मोठ्या उतारानंतरचा दिवस विश्रांतीचा ठेवा. निघण्याआधी दोन-तीन महिने सिंहगडासारख्या ठिकाणी केवळ चढण्याचा नाही, सावकाश उतरण्याचाही सराव करा. काठ्या वापरण्यात कमीपणा नाही.

दुखेल म्हणून आधीच पेनकिलर घेऊन धावू नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या, शरीरातले कमी झालेले पाणी आणि स्नायूंची इजा एकत्र आली की मूत्रपिंडांना धोका असतो. रक्तदाबाची टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन ही गोळी किंवा लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल, तर तो आणखी वाढतो. लघवी चहासारखी गडद झाली तर थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आजार असलेल्यांनी काय काळजी घ्यावी?

मधुमेह: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर धावताना कमी होऊ शकते, आणि रात्री झोपेतही. ग्लुकोज पावडर किंवा गोळ्या हाताशी येतील अशा खिशात ठेवा. इन्सुलिन गोठू देऊ नका. थंडीत ग्लुकोमीटर चुकीचा आकडा दाखवू शकतो, तो अंगाजवळ ठेवा. एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन सुरू असेल तर दीर्घ श्रम, उपाशीपण आणि कमी पाणी यांमुळे रक्तात आम्ल वाढू शकते. अशा वेळी साखर फारशी वाढलेली नसतानाही मळमळ, पोटदुखी आणि धाप दिसू शकते. डोस कसा बदलायचा हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्या. स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका.

हृदय व रक्तदाब: मेटोप्रोलोलसारखी औषधे ठोक्यांचा वेग रोखतात, म्हणून घड्याळावरच्या आकड्यावर विसंबू नका. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर चालायला लागा. चाळिशीनंतर मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात कमी वयात हृदयविकार असेल, तर जाण्याच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटा. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट किंवा आणखी काही लागेल का हे ते ठरवतील.

दमा: थंड, कोरड्या हवेत श्वासनलिका आकसतात. इन्हेलर हॉटेलवर नव्हे, खिशात हवा.

रक्तक्षय: उंचीवर हिमोग्लोबिनची कमतरता लवकर जाणवते. महिलांनी ते आधी तपासून घ्यावे.

सिकलसेल: विदर्भात आणि आदिवासी भागांत सिकलसेलचे वाहक बरेच आहेत. वाहकांना एरवी त्रास नसतो. पण उंची, अतिश्रम आणि कमी पाणी एकत्र आले तर स्नायूंना किंवा प्लीहेला इजा होऊ शकते. घरात कोणाला सिकलसेल असेल तर तपासणी करून घ्या.

पाणी, ऊन आणि थंडी

तहान लागेल तसे पाणी प्या. भीतीपोटी लिटरच्या लिटर पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम घसरते आणि मेंदूला सूज येऊ शकते. दर हजार मीटरला तापमान साधारण ६ ते ७ अंशांनी उतरते, तर अतिनील किरणे सुमारे एक दशांशाने वाढतात. म्हणून गावात ऊन असले तरी पिशवीत पावसाचे जाकीट, टोपी आणि हातमोजे हवेत, शिवाय गॉगल आणि सनस्क्रीनही. जूनअखेरपर्यंत वरच्या वाटांवर बर्फाचे पट्टे राहू शकतात. उन्हाळ्यात दुपारनंतर विजा होतात, म्हणून सकाळी लवकर निघा. शेवटची केबल कार किती वाजता सुटते ते आधी पाहा. ती चुकली, तर थकलेल्या गुडघ्यांना आठशे ते हजार मीटर उतरावे लागते.

घरच्यांसाठी

धावायला जाणाऱ्याची वाट, परतीची वेळ आणि औषधांची यादी तुमच्याजवळ ठेवा. आणीबाणीत युरोपभर ११२ हा क्रमांक चालतो. फोन लागत नसेल तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी वाजवणे, मग एक मिनिट थांबणे, हा डोंगरातला मदतीचा संकेत आहे. हेलिकॉप्टरला मदत हवी असल्याचे दाखवण्यासाठी दोन्ही हात वर तिरके पसरून उभे राहावे. प्रवास विम्यात डोंगरातील बचाव आणि डोंगरधाव यांचा समावेश आहे ना, हे तपासा.

परत आलेली व्यक्ती अडखळत बोलत असेल, तोल जात असेल किंवा उगाच चिडत असेल, तर 'दमलाय, झोपू दे' असे म्हणू नका. साखर कमी होणे, सोडियम घसरणे आणि शरीर गारठणे ही तिन्ही सुरुवातीला अशीच दिसतात. आधी साखर तपासा, उबदार ठेवा आणि मदत बोलवा.

ताबडतोब थांबून मदत घ्या:

• छातीत दाब, किंवा दुखणे हात व जबड्यात जाणे
• विश्रांती घेऊनही न थांबणारी धाप
• भोवळ किंवा बेशुद्धी
• गोंधळलेपण, सतत उलट्या
• गडद लघवी किंवा लघवीच न होणे

सुरुवातीला उल्लेख केलेले रुग्ण शेवटी ग्रां बाल्कों स्यूदवर गेले. जाता-येता दोन्ही वेळा केबल कार, मध्ये ६ किलोमीटरची वाट, बरीचशी चालत. त्याआधी त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्यांचे वेळापत्रक आम्ही बसून ठरवले होते. गुडघ्याची गोळी त्यांना लागली नाही.

हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या आजारानुसार निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.