बडोदा राजघराणे : घटस्फोटाचा कायदा आणि १९४३चा राजविवाह

विवाह रद्दबातल ठरणे आणि घटस्फोट या भिन्न बाबी आहेत. रद्दबातल विवाह मुळात झालाच नव्हता, असे मानले जाते. घटस्फोटाने वैध विवाह संपुष्टात येतो. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री आणि कॅथरिन यांचा विवाह १५३३ मध्ये रद्दबातल ठरविण्यात आला. तो घटस्फोट नव्हता.

बडोदा संस्थानात महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत, १९३१ मध्ये, हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा हिंदूंना अशी सर्वसाधारण तरतूद उपलब्ध नव्हती.

सयाजीरावांचे नातू प्रतापसिंहराव १९३९ मध्ये गादीवर आले. त्यांनी १९४३ मध्ये पिठापुरमच्या राजकन्या सीतादेवी यांच्याशी विवाह केला. सीतादेवी वुय्युरूच्या जमीनदारांच्या पत्नी होत्या. त्यांनी इस्लाम स्वीकारून तो विवाह संपुष्टात आणला आणि नंतर पुन्हा हिंदू धर्मात प्रवेश केला. प्रतापसिंहरावांच्या प्रथम पत्नी महाराणी शांतादेवी हयात होत्या आणि बडोद्यात द्विभार्याबंदी लागू होती. मात्र, हा कायदा प्रजेसाठी असून राज्यकर्त्याला बंधनकारक नाही, अशी भूमिका घेण्यात आली.

केंद्र सरकारने १९५१ मध्ये राजकीय कारणांवरून प्रतापसिंहरावांना पदच्युत केले. शांतादेवींचे पुत्र फत्तेसिंहराव त्यांचे वारस झाले.

हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार द्विविवाहास मनाई असून घटस्फोटाची तरतूद आहे. जोडीदाराचे धर्मांतर हे घटस्फोटाचे कारण ठरू शकते. परंतु केवळ धर्मांतराने हिंदू विवाह संपुष्टात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सरला मुद्गल प्रकरणात स्पष्ट केले.