हयातीतला ट्रस्ट आणि मागे ठेवलेला कागद

आपल्या वऱ्हाडात एक प्रश्न घरोघरी असतो, पण तो तोंडावर कोणी काढत नाही. ‘तुमच्या माघारी शेताचं काय?’ असं म्हाताऱ्या वडिलांना विचारायचं कसं? विचारलं तर ‘आमच्या मरणाची वाट पाहता का’ हे ऐकून घ्यावं लागतं. न विचारावं, तर पुढे भावाभावांत कज्जा उभा राहतो आणि बहिणींपुढे हक्कसोडपत्राचा कागद सरकवला जातो. अलीकडे शहरांतून आणखी एक पर्याय ऐकू येतो. मृत्युपत्र करू नका, जिवंतपणीच ट्रस्ट करा, असा सल्ला दिला जातो. तो परदेशातून आलेला वाटतो खरा. पण हे दोन्ही मार्ग आपल्या मातीला नवे नाहीत. शंभर वर्षांमागच्या दोन घटना शेजारी ठेवल्या, की त्यांतला फरक सहज उमगतो.

पहिली घटना पुण्याची. तिथले सरदार वासुदेव हरिहर पंडित, म्हणजे बाबा महाराज, लोकमान्य टिळकांचे स्नेही. 1897 च्या ऑगस्टमध्ये ते एकाएकी आजारी पडले. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले होते. मित्राने शब्द टाकला आणि टिळकांना तो मोडवेना. 7 ऑगस्टला मृत्युपत्र झाले आणि त्याच दिवशी बाबा महाराज गेले. इस्टेट सांभाळण्यासाठी त्या कागदात विश्वस्त नेमले होते. त्यांत टिळक होते आणि आपल्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डेही होते.

मृत्युपत्र खोटे नव्हते आणि विश्वस्तही अप्रामाणिक नव्हते. तरीही पुढे जे घडले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज तेव्हा गरोदर होत्या. मुलगा झाला, पण तो थोड्याच दिवसांत गेला. मग दत्तक घेण्याचा प्रश्न आला. 1901 मध्ये औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जगन्नाथ या मुलाचे दत्तविधान झाले, असे टिळक-खापर्ड्यांचे म्हणणे. ताई महाराजांनी ते नाकारले आणि कोल्हापूरकडचा दुसरा मुलगा दत्तक घेतला. प्रकरण कोर्टात गेले. टिळकांवरच खोट्या साक्षीचा फौजदारी खटला झाला. 1903 मध्ये शिक्षा झाली आणि 1904 मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दिवाणी दावा मात्र चालूच राहिला. 1906 मध्ये खालच्या कोर्टात टिळक जिंकले, 1910 मध्ये उच्च न्यायालयात हरले. अखेर 1915 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथाचे दत्तविधान खरे ठरवले. मृत्युपत्र झाले त्याला तोवर जवळपास अठरा वर्षे उलटली होती.

यातला धडा साधा आहे. मृत्युपत्र जागे होते ते करणाऱ्याने डोळे मिटल्यावर. त्यात नेमलेला विश्वस्त कामाला लागतो तेव्हा ज्याची इस्टेट, तो काही सांगायला उरलेला नसतो. ‘महाराज, तुमच्या मनात नेमके काय होते?’ असे टिळक कोणाला विचारणार होते?

दुसरी घटना आपल्याच जिल्ह्यातली. 1908 च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मंडालेला झाली. त्याच वर्षी अकोल्याच्या शिवजयंती उत्सवात टिळक आणि गजानन महाराज एका व्यासपीठावर होते, ही दासगणूंनी ‘गजानन विजय’मध्ये सांगितलेली कथा भक्तांना पाठ आहे. टिळकांना शिक्षा झाल्यावर दोन महिन्यांच्या आत, 12 सप्टेंबर 1908 रोजी, शेगावात गजानन महाराज संस्थानचा ट्रस्ट स्थापन झाला. महाराज तेव्हा हयात होते. त्यानंतर दोन वर्षांनी, 8 सप्टेंबर 1910 रोजी, ऋषिपंचमीला त्यांनी समाधी घेतली.

महाराजांच्या नावावर ना शेत होते, ना वाडा. मृत्युपत्र लिहावे असे त्यांच्यापाशी काहीच नव्हते. पण भक्तांची श्रद्धा वाढत होती आणि श्रद्धेपाठोपाठ पैसाअडका, जागा, जबाबदारी हे सारे येते. महाराजांमागे याचे धनी कोण, असा वाद कुठेही होऊ शकला असता. कितीतरी गाद्या अशा वादांत सापडल्या आहेत. इथे व्यवस्था आधी उभी राहिली आणि महाराज नंतर गेले. मधली दोन वर्षे कारभारी मंडळी त्यांच्या डोळ्यांदेखत काम शिकली. पुढे मंदिर झाले, अन्नदान, दवाखाने, शाळा, 1983 मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय असा पसारा वाढला. शिवशंकरभाऊ पाटलांनी कित्येक वर्षे हा कारभार पाहिला. 2021 मध्ये ते गेले, पण काम थांबले नाही. विश्वस्त बदलले तरी विश्वास टिकतो, तो असा.

मग शेतकऱ्यानेही ट्रस्ट करावा का? इथे सबुरीने घ्यायला हवे. शेगावचा न्यास सार्वजनिक आहे. तो पिढ्यान् पिढ्या चालतो आणि त्याच्यावर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. खासगी कुटुंबाच्या ट्रस्टची गोष्ट वेगळी. त्याला 1882 चा कायदा लागतो. हयातीत घर किंवा जमीन ट्रस्टमध्ये घालायची तर दस्त नोंदवावा लागतो, मुद्रांकाचा खर्च येतो, हिशेब ठेवावे लागतात आणि शेतजमिनीला कूळकायद्याची बंधनेही पाहावी लागतात. शिवाय आपल्या हयातीतच दुसऱ्याच्या हाती किल्ल्या द्याव्या लागतात किंवा स्वतः विश्वस्त म्हणून बांधून घ्यावे लागते. अज्ञान नातवंडे असतील, घरात स्वतःचा व्यवहार न सांभाळू शकणारे अपंग मूल असेल, तर हा खटाटोप सार्थकी लागतो.

बाकीच्यांना मृत्युपत्र पुरते. साधा कागद, करणाऱ्याची सही आणि त्याच्यासमोर सही करणारे दोन साक्षीदार, एवढे 1925 चा कायदा मागतो. मुद्रांक लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. मन बदलले तर मरेपर्यंत कितीदाही बदलता येते. एक मात्र ध्यानात ठेवावे. मृत्युपत्र आपल्या हिश्श्यापुरतेच चालते. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आणि जन्मापासूनचा आहे. तो बापाच्या कागदाने पुसता येत नाही.

कागद कोणता, हा प्रश्न म्हणूनच दुसरा. पहिला प्रश्न हा, की तो शेवटच्या दिवशी घाईने करायचा, की धडधाकट असताना, लेकीसुनांसह साऱ्यांना बसवून, मोकळेपणाने बोलून करायचा? बाबा महाराजांना तेवढा वेळ मिळाला नाही. शेगावला दोन वर्षे मिळाली. आपल्याला किती मिळणार हे कोणालाच ठाऊक नाही. तेव्हा बोलण्याला आजचा रविवार काय वाईट आहे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)