वीरच्या पुढचा डोंगर

24 डिसेंबर 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडला जायला निघाले, ते ‘पद्मावती’ बोटीने. मार्चमधल्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतरची ही दुसरी परिषद होती. मुंबईहून बोटीने धरमतर आणि तिथून मोटारीने पेण, नागोठणे, माणगाव करत महाड, असा एक रस्ता तेव्हा होता. पण मोटारवाले परिषदेच्या लोकांना गाडीत घेणार नाहीत अशी चिन्हे होती. म्हणून समुद्राची वाट धरली. दुसऱ्या दिवशी मंडळी सावित्रीच्या खाडीतल्या दासगाव बंदरात उतरली आणि तिथून पाच मैल मिरवणुकीने चालत महाडला पोहोचली. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.

या घटनेचे मोठेपण वेगळे सांगायला नको. पण प्रवासाच्या दृष्टीने पाहिले तर तिच्यातून त्या काळच्या महाडचा नकाशाच उलगडतो. मुंबईपासून इतक्या जवळच्या या गावाला रेल्वे नव्हती. मोटारीचा रस्ता कोणाच्या तरी मर्जीवर चालायचा. भरवशाची होती ती खाडी.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. महाडच्या वर ती डोंगरातली नदी आहे, दासगावपाशी ती खाडी होते. भरतीच्या पाण्यावर मचवे आणि पडाव आत येत, आणि जिथे पाणी संपे तिथून बैलांची पाठ सुरू होई. रायगडावर राजधानी होती तेव्हा तिचे व्यापाराचे नाके महाडच होते. महाडच्या उशाशी गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. अशी लेणी कोरायची तर वाटेवर वर्दळ आणि पदरी पैसा असलेले दाते हवेत, म्हणजे ही वाट शिवकालाच्याही कितीतरी आधीची. इंग्रजांनी 1756 साली बाणकोट पदरात पाडून घेतले, त्याबरोबर दासगावही मागून घेतले. खाडीचे तोंड आणि खाडीचा शेवट अशी दोन्ही टोके हातात असली की मधला व्यापार आपोआप ताब्यात येतो, हे त्यांना बरोबर कळले होते.

महाडच्या पुढे घाट. पूर्वेला वरंधा, तो भोरवरून पुण्याकडे जातो. पोलादपूरहून आंबेनळी, तो प्रतापगडाला वळसा घालून महाबळेश्वरला चढतो. दक्षिणेला कशेडी, तो उतरला की खेड. मीठ आणि सुकी मासळी वर जायची, गूळ, मिरची, धान्य खाली यायचे. 1828 नंतर गव्हर्नर माल्कमने महाबळेश्वरला थंड हवेचे ठाणे वसवले आणि मुंबईचे साहेबलोक उन्हाळ्यात याच वाटेने येऊ लागले. बोटीने दासगाव, पुढे महाड, पोलादपूर आणि पारचा घाट, पालखीतून नाहीतर तट्टावरून. पुढे आंबेनळीतून गाडीरस्ता झाला आणि त्याला फिट्झजेराल्ड या गव्हर्नराचे नाव मिळाले. घाटमाथ्यावरच्या त्या झुळुकीची किंमत पोलादपूरच्या भोयांनी आणि हमालांनी खांद्यावर पेलली. प्रवासवर्णनांत दऱ्यांचे कौतुक पानभर असते, या खांद्यांची दखल क्वचितच घेतलेली दिसते.

रेल्वेचे युग आले आणि हा सगळा पट्टा मागे पडला. 1863 साली गाडी बोरघाट चढली. खंडाळ्याच्या त्या चढणीवर सदतीस फुटांमागे एक फूट असा उभा चढ आहे. 1907 साली आदमजी पीरभॉय कुटुंबाने नेरळहून माथेरानला नॅरोगेजची छोटी गाडी नेली, तीही वळणावळणाने, डोंगराच्या कलाने. दोन्ही मार्ग आजच्या रायगड जिल्ह्यातले. त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या महाड-पोलादपूरकरांना मात्र गिरणीत कामाला जायचे तर बोट, गणपतीला घरी यायचे तर बोट. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की घाटरस्त्याचे आणि चिखलाचे दिवस.

1950च्या दशकात लोकसभेत एका मार्गाचे नाव वारंवार निघू लागले: दिवा-दासगाव. आज हे नाव ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटेल, कारण कोकण रेल्वे म्हटले की मंगळुरू आठवते. पण पहिली मागणी साधी होती. मुंबईच्या लोहमार्गातून दिव्याला एक फाटा काढायचा आणि तो सावित्रीच्या बंदराला आणून जोडायचा. त्या काळात देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले आणि 1952 साली कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातून निवडून आलेले. मुंबई महाराष्ट्राला मिळण्याच्या प्रश्नावर त्यांनी 1956 साली मंत्रिपद सोडले. पुढे 1960च्या दशकात दिव्याची गाडी पनवेलला पोहोचली आणि रोह्याला यायला 1986 साल उजाडले. दासगाव तरीही दूरच.

मधल्या काळात ही मागणी जिवंत ठेवणाऱ्यांत अ. ब. वालावलकरांचे नाव घ्यावेच लागते. सरकारी हुकमाची वाट न पाहता त्यांनी कोकण पायी पालथे घातले, मार्ग कसा जाऊ शकेल याची स्वतः पाहणी केली आणि ती लोकांपुढे मांडत राहिले. संसदेत बॅ. नाथ पै आणि मधू दंडवते बोलत होते. 1990 साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असा योग जुळून आला. कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले आणि सप्टेंबरात रोह्याला पायाभरणी झाली. 1993 च्या जूनमध्ये रोह्याहून गाडी वीरपर्यंत आली. दासगावच्या शेजारचे हे वीर. चाळीस वर्षे कागदावर असलेली मागणी अखेर त्या टापूत पोहोचली, पण तोवर दासगावच्या धक्क्यावर बोटींची ये-जा उरली नव्हती.

वीर हेच महाडचे स्टेशन. गाडीतून उतरून महाडला जायचे तर महामार्गाने रिक्षा किंवा एसटी धरावी लागते. पोलादपूरला तर स्टेशनच नाही. जुन्या सगळ्या वाटा ज्या दोन गावांत एकवटत, त्या दोन्ही गावांना रेल्वेने बाजूला ठेवले. यात कोणाचा आकस नव्हता; कारण होते ते मार्गाच्या आखणीतच. ताशी 160 किलोमीटर वेगाची क्षमता ठेवायची म्हणून दीडशे मीटरमागे एक मीटर यापेक्षा जास्त चढ द्यायचा नाही आणि सव्वा किलोमीटर त्रिज्येपेक्षा अरुंद वळण घ्यायचे नाही, असे ठरले. या हिशेबात पोलादपूरवरून कशेडी चढणे शक्यच नव्हते. बोरघाटातली गाडी डोंगर चढते, माथेरानची त्याला वळसे घालते, आणि कोकण रेल्वे त्याला भोक पाडून पलीकडे जाते. म्हणून रुळांनी महाडच्या पश्चिमेची बाजू धरली: वीर, सापे-वामने, करंजाडी, विन्हेरे आणि मग बोगद्यातून थेट रत्नागिरी जिल्ह्यातले दिवाणखवटी.

हा तुकडा पाहायचा असेल तर सुपरफास्ट गाडीचा उपयोग नाही. पावसाळ्यात दिवा-सावंतवाडीसारख्या पॅसेंजर गाडीत, खिडकीशी बसावे. वीर सुटले की खाडीची हिरवी-गढूळ पट्टी दिसते, भरतीला फुगलेली. कडेने भाताची खाचरे. मग दोन्ही बाजूंनी टेकड्या जवळ सरकतात आणि गाडी कटिंगमध्ये शिरते. काळ्या कातळाची उभी भिंत हाताला लागेल इतकी जवळ येते. तिच्यावर पोलादी जाळी ठोकलेली, जाळीतून पाणी झिरपणारे, फटीफटीतून नेचे आणि तेरडा उगवलेला. कटिंग संपले की अचानक दरी, खाली लाल पाण्याचा ओढा, पलीकडच्या उतारावर नाचणीचे तुकडे आणि चार-दोन घरांची वाडी. पुन्हा कातळ. डोळा जरा स्थिरावतो तोच चित्र बदलते. करंजाडीला समोरच्या गाडीसाठी क्रॉसिंग पडले तर गाडी निवांत उभी राहते. मग भिजलेल्या फलाटावर उतरून पाय मोकळे करणारे चाकरमानी आणि डब्याच्या दारात बसलेली पोरे हेच स्टेशनचे जगणे होऊन जाते.

विन्हेऱ्यानंतर येतो नातूवाडीचा बोगदा. लांबी 4,389 मीटर. रत्नागिरीजवळच्या करबुडे बोगद्यानंतर या मार्गावरचा सर्वांत लांब. 2022 साली संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण होईपर्यंत इथून डिझेल इंजिने जात, त्यामुळे आत शिरताना खिडक्या खाली ओढायची जुन्या प्रवाशांची सवय अजून गेलेली नाही. तीन-चार मिनिटे नुसता अंधार आणि चाकांचा आवाज. डोंगरावरून कशेडीच्या रस्त्याने जाणाऱ्या एसटीला घाट ओलांडायला कितीतरी जास्त वेळ लागत असे. 2023 साली तिथेही रस्त्याच्या बोगद्यातून वाहतूक सुरू झाली, म्हणजे महामार्गानेही शेवटी रेल्वेचाच धडा गिरवला.

या देखण्या टापूत रेल्वेने भयंकर दिवसही पाहिले. 16 जून 2004 च्या पहाटे मंगळुरूहून मुंबईकडे येणारी मत्स्यगंधा एक्स्प्रेस करंजाडीच्या बाजूला रुळांवर आलेल्या दगडांवर आदळली आणि डबे पुलावरून खाली कोसळले. सुमारे वीस माणसे गेली. आदल्याच वर्षी जूनमध्ये वैभववाडीजवळ दरडीने पन्नासहून अधिक बळी घेतले होते. लागोपाठच्या या दोन अपघातांनंतर कोकण रेल्वेचा पावसाळा बदलून गेला. कटिंगचे कडे मागे घेऊन त्यांना पायऱ्या दिल्या, जाळ्या बसवल्या, जोरदार पावसात वेग ताशी 40 किलोमीटरवर आणला. जून ते ऑक्टोबरचे वेगळे वेळापत्रक दरवर्षी निघते, त्याचे मूळ याच धोक्यात आहे.

आणि गस्त. रात्री अकराच्या पावसात, अंगावर रेनकोट, हातात बॅटरी घेऊन दोघे जण रुळांवरून चालत असतात. कातळातून पाणी नेहमीच्या जागेऐवजी दुसरीकडून येऊ लागले, गढूळ झाले, बारीक खडी घरंगळू लागली, की त्यांना कळते. एसी डब्यातल्या झोपलेल्या प्रवाशाला यातले काही दिसत नाही. या मार्गाच्या अभियांत्रिकीचे जेवढे गोडवे गायले जातात, त्यातला निम्मा मान तरी या माणसांना मिळायला हवा.

तरी डोंगर पूर्ण बधत नाही. 14 जुलै 2024 रोजी विन्हेरे आणि दिवाणखवटीच्या दरम्यान दरड रुळांवर आली आणि मार्ग जवळपास एक दिवस बंद पडला. अडकलेल्या प्रवाशांना एसटीने पुढे न्यावे लागले. महाड तालुक्याला हे दुःख अनोळखी नाही. जुलै 2005 मध्ये जुई, दासगाव, कोंडिवते आणि रोहन या गावांवर दरडी कोसळल्या. जुलै 2021 मध्ये तळिये गेले. रस्त्याचे म्हणाल तर 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाड-पोलादपूर दरम्यानचा सावित्रीवरचा 1928 सालचा दगडी पूल दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला.

2021 च्याच पावसात महाड शहर पाण्याखाली गेले. त्यानंतर महाडकरांनी बोट दाखवले ते दासगावजवळच्या रेल्वेच्या भरावाकडे. पुराचे पाणी पसरून खाडीत उतरायचे तिथे मातीचा बांध आडवा आला, म्हणून भराव फोडून तिथे मोकळे गाळे द्या, ही मागणी तेव्हापासून लावून धरलेली आहे. गाळ साचलेले पात्र, बदललेला पाऊस अशी पुराची इतरही कारणे आहेत. पण नदीकाठी पिढ्यानपिढ्या राहिलेल्या माणसाला पाणी कुठे अडते हे कळते, आणि त्याचे म्हणणे आखणीच्या टेबलावर आधीच पोहोचायला हवे होते.

रोहा ते वीर दुहेरी मार्ग ऑगस्ट 2021 मध्ये पूर्ण झाला. वीरच्या पुढे डोंगर सुरू होतो आणि रूळ पुन्हा एकेरी होतात. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात जादा गाड्या सुटतात तेव्हा या एकेरी तुकड्यात एकामागे एक गाड्या तुंबतात. पोलादपूरचा चाकरमानी मात्र त्याआधीच सामान काढून दाराशी उभा असतो. त्याला वीरला उतरून महाड आणि महाडहून पुढची एसटी गाठायची असते.