बंदर, बोट आणि महाविद्यालय : मांडवी (रत्नागिरी) परिसरातील उच्च शिक्षणाच्या संधीचा इतिहास

प्रस्तावना

विद्यार्थी महाविद्यालयाची निवड कशी करतो, या प्रश्नाचा अभ्यास करताना हॉस्लर आणि गॅलघर यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या प्रतिमानाचा आधार अनेकदा घेतला जातो. त्यात शिक्षणाची इच्छा, संस्थांचा शोध आणि प्रत्यक्ष निवड असे तीन टप्पे आहेत. अमेरिकेतील लॅटिनो विद्यार्थ्यांच्या अभ्यासात मात्र घराजवळचे महाविद्यालय, कुटुंबावरील जबाबदारी आणि खर्च यांना विशेष महत्त्व दिले जाते. तेथे १९९२ च्या कायदा-दुरुस्तीने किमान २५ टक्के हिस्पॅनिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना स्वतंत्र साहाय्याची तरतूद झाली. अंतर, कुटुंब आणि पैसा ही त्रिसूत्री कोकणाला नवी नाही. रत्नागिरीच्या मांडवी बंदराच्या संदर्भात तिचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

१९४५ पूर्वीचा काळ

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. तथापि, रत्नागिरीत माध्यमिक शिक्षणाची सोय असूनही पुढील जवळजवळ नऊ दशके येथील विद्यार्थ्यासमोर पदवीसाठी गाव सोडण्यावाचून पर्याय नव्हता. मुंबईचे एल्फिन्स्टन, कोल्हापूरचे राजाराम (१८८०), पुण्याचे फर्ग्युसन (१८८५) किंवा सांगलीचे विलिंग्डन (१९१९) ही नावे कागदावर अनेक असली, तरी त्यांपैकी एकही घरून जाऊन-येऊन शिकण्याजोगे नव्हते. धोंडो केशव कर्वे सहावीच्या परीक्षेसाठी मुरुडहून थेट साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. पुढे ते १८८१ मध्ये मॅट्रिक आणि १८८४ मध्ये एल्फिन्स्टनमधून पदवीधर झाले. ही कथा चिकाटीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. परंतु अशी चिकाटी दाखवण्याची संधीच किती जणांना मिळाली असेल, हा प्रश्न तिच्यामागे उरतोच.

मुंबईचा मुख्य मार्ग समुद्राचा होता. आगबोट खोल पाण्यात उभी राहत असे आणि उतारू पडावातून तिच्यापर्यंत जात. पावसाळ्यात ही वाहतूक बंद पडे. महाविद्यालये जूनमध्ये उघडत आणि बोटी त्यापूर्वीच थांबत. म्हणजे प्रवेशाची खात्री होण्याआधीच घर सोडावे लागे, नाहीतर घाट चढून लांबचा खुष्कीचा मार्ग धरावा लागे. मुंबईत ज्याचा काका, मामा किंवा गाववाला खोली घेऊन राहत असेल, त्यालाच हे साधत असे. संस्थेची निवड अशा रीतीने नात्यागोत्यावर ठरत होती. मुलींच्या बाबतीत तर ही वाट बहुधा आरंभीच खुंटत असे.

जातीची भिंत याहून उंच होती. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे मूळ गाव असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे एल्फिन्स्टनमधील शिक्षण बडोदा संस्थानच्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीमुळे पार पडले. १९१२ मध्ये ते पदवीधर झाले.

१९४५ : दोन प्रयत्न

१९४५ मध्ये रत्नागिरीत महाविद्यालय सुरू झाले. तेच आजचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय होय. त्याच वर्षी मुंबईत डॉ. आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली; तिचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये उघडले आणि सकाळच्या वर्गांमुळे नोकरी करणाऱ्यांना तेथे शिकता आले. एका प्रयत्नाने महाविद्यालय कोकणात आणले, दुसऱ्याने ते चाकरमान्याच्या वेळापत्रकात बसवले. दोहोंचे मर्म एकच होते : विद्यार्थ्याने संस्थेपर्यंत पोहोचावे एवढीच अपेक्षा न ठेवता संस्थेने विद्यार्थ्याकडे सरकणे. मांडवीतील मुलासाठी, आणि त्याहून अधिक मुलीसाठी, पदवीची वाट आता पायी चालण्याच्या टप्प्यात आली.

विस्तार आणि उरलेला पेच

पुढील काळात दापोलीचे कृषी विद्यापीठ (१९७२), रत्नागिरीचे मत्स्य महाविद्यालय (१९८१), १९९० च्या दशकातील अभियांत्रिकी शिक्षण आणि २०२३ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे पर्याय वाढले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्याने पावसाळ्यातील मुंबईही जवळ आली. शालेय यशही उणे नाही. २०१२ मध्ये कार्यान्वित झालेल्या कोकण विभागीय मंडळाचा बारावीचा निकाल २०२४ मध्ये ९७.५१ टक्के लागला. राज्याचा निकाल ९३.३७ टक्के होता. त्यामुळे येथील पेच बारावी उत्तीर्ण होण्यापेक्षा त्यानंतरच्या पावलाशी अधिक निगडित आहे.

या पावलाच्या आड कोकणातील जुनाच ऋतू येतो. राज्यात यांत्रिक मासेमारीस १ जून ते ३१ जुलै या काळात बंदी असते. प्रवेश, शुल्क, पुस्तके आणि वसतिगृह यांचा खर्च नेमका याच दिवसांत उभा राहतो. नौका किनाऱ्यावर असताना मच्छीमार कुटुंबाची आवक आटलेली असते. पूर्वी पावसाळ्यात बोट थांबत असे, आता उत्पन्न थांबते. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळाली, हे स्वागतार्ह आहे. परंतु परगावचे राहणे, जेवण आणि प्रवास या सवलतीत येत नाहीत.

निष्कर्ष

मांडवीच्या इतिहासात इच्छा, शोध आणि निवड या तिन्ही टप्प्यांच्या आधी ‘पोहोच’ हा टप्पा येतो. तो ओलांडता आला नाही, तर पुढील तीन टप्पे केवळ तत्त्वतः उरतात. १९४५ चे महत्त्व असे की संस्थांनी जागा आणि वेळ बदलून ही पोहोच वाढवली. आज शुल्काचे हप्ते नारळी पौर्णिमेनंतर, मासेमारी पुन्हा सुरू झाल्यावर स्वीकारणे, ही त्याच परंपरेतील कृती ठरेल. तिच्यासाठी नवी इमारत लागत नाही. महाविद्यालयाच्या दिनदर्शिकेने समुद्राच्या दिनदर्शिकेची दखल घेणे पुरेसे आहे.