तळटीप : बार्बेरिनी महालाचे छत

१. ‘छतावरच्या माश्या’ : रोममधील बार्बेरिनी घराण्याच्या कुलचिन्हातील तीन मधमाश्या. याच घराण्यातला माफेओ १६२३ मध्ये आठवा अर्बन या नावाने पोप झाला. महालातील मोठ्या दालनाचे छत पिएत्रो दा कोर्तोना याने रंगवले. काम १६३९ मध्ये पुरे झाले. चुन्याचा गिलावा ओला आहे तोवरच रंग भरायचे, म्हणून दिवसभरात रंगवून होईल तेवढाच भाग रोज लिंपायचा. छताला तोलून धरणारी दगडी चौकट, तिच्यावरचे पुतळे, सारे रंगाचेच; कमानदार छतावर हे साधणे फार अवघड. मधोमध अवाढव्य मधमाश्या आकाशात उडताहेत. त्यांच्याभोवतीची लॉरेलची माळ श्रद्धा, आशा आणि प्रेम या तिघींनी धरली आहे. वर पोपचा मुकुट आणि किल्ल्या. लेखकाने याला निव्वळ धर्मचित्र म्हटले आहे, ते आम्हांस पटत नाही. आल्यागेल्याला घराण्याचा दरारा कळावा, हाच त्याचा मुख्य हेतू दिसतो. १६४४ मध्ये पोप वारला आणि थोड्याच काळात त्याच्या पुतण्यांना फ्रान्सचा आश्रय घ्यावा लागला. महालात आता सरकारी कलासंग्रहालय असून हे छत तेथे पाहता येते.