वापरलेल्या स्पोर्ट्स मोटारीचे मोल आणि गिअरबॉक्सची निवड

नवी मोटार घेणारा मनुष्य कारखान्याने पुढे ठेवलेल्या पर्यायांतून निवड करतो. वापरलेली मोटार घेणाऱ्यास मात्र पूर्वीच्या ग्राहकांनी केलेल्या निवडीतून जे शिल्लक राहिले असेल, त्यातूनच निवड करावी लागते. मोटारीचा रंग बदलता येतो, बैठकीचे चामडे नवे घालता येते. गिअरबॉक्स बदलणे मात्र खर्चाचे काम असते आणि बदलल्यास मोटारीचे मूळ रूप नाहीसे होते. म्हणून एखाद्या काळातील ग्राहकांचा कल कोणीकडे होता आणि पुढील पिढीने त्याविषयी काय मत बनविले, हे जाणण्यास जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या गिअरबॉक्ससारखे दुसरे साधन क्वचितच सापडेल. या दृष्टीने अमेरिका, जर्मनी व इटली या देशांतील तीन उदाहरणे तपासून पाहण्यासारखी आहेत.

१. कॉर्व्हेट : जेथे निवडच नव्हती

१९५३ च्या जानेवारीत न्यूयॉर्क येथील प्रदर्शनात शेव्हरोलेची कॉर्व्हेट प्रथम लोकांसमोर आली. त्या वर्षी तयार झालेल्या ३०० मोटारींपैकी प्रत्येकीला पॉवरग्लाइड नावाचा दोन गिअरांचा स्वयंचलित गिअरबॉक्स होता. जग्वार एक्सके १२० सारख्या तत्कालीन इंग्रज स्पोर्ट्स मोटारी चार गिअरांच्या आणि हाताने गिअर बदलण्याच्या होत्या. त्यांच्या चाहत्यांना पायाखाली क्लच नसलेली कॉर्व्हेट स्पोर्ट्स मोटार या नावास पात्र वाटेना. १९५४ मध्ये ३,६४० मोटारी तयार झाल्या. पण त्यांतील पुष्कळ वर्षाअखेर विक्रीविना पडून राहिल्या. १९५५ मध्ये उत्पादन ७०० वर आले. त्याच वर्षी आठ सिलिंडरांचे इंजिन आले आणि उत्तरार्धात थोड्या मोटारींना तीन गिअरांचा हस्तचालित गिअरबॉक्स बसविण्यात आला. १९५६ पासून हस्तचालित गिअर मूळ किमतीत मिळू लागला व पॉवरग्लाइडसाठी जादा पैसे पडू लागले. १९५७ मध्ये चार गिअरांचा गिअरबॉक्सही उपलब्ध झाला.

आजच्या संग्राहकांच्या बाजारात १९५३ ची कॉर्व्हेट अत्यंत मोलाची गणली जाते. ज्या गिअरबॉक्समुळे तिची एके काळी हेटाळणी झाली, तो तिच्या किमतीच्या आड येत नाही. कारण उघड आहे : त्या वर्षीची हस्तचालित कॉर्व्हेट अस्तित्वातच नसल्यामुळे तुलनेस जागा उरत नाही. उलट १९५५ च्या मोटारींत दोन्ही प्रकार असल्याने तेथे हस्तचालित मोटारीस विशेष मागणी असते. पर्याय असल्याखेरीज गिअरबॉक्सला वेगळे मोल येत नाही, हा या उदाहरणाचा पहिला निष्कर्ष होय.

२. स्पोर्टोमॅटिक : दुर्मिळता पुरेशी नाही

दुसरे उदाहरण पोर्श कंपनीच्या ९११ या मोटारीचे आहे. १९६७ मध्ये कंपनीने स्पोर्टोमॅटिक ही योजना पुढे आणली. हिला पूर्ण स्वयंचलित म्हणता येत नाही. गिअर चालकानेच बदलावयाचा. परंतु क्लचचे पायटे नाही. गिअरच्या दांड्याला हात लागताच त्यातील लहान विद्युत्-कळ दाबली जाई, निर्वात दाबाच्या साहाय्याने क्लच सुटे आणि हात काढताच पुन्हा लागे. मोटार थांबली असता इंजिन बंद पडू नये, म्हणून टॉर्क कन्व्हर्टरची जोड दिलेली होती व त्यास लागणारे तेल इंजिनाच्या तेलसाठ्यातूनच येई. सवयीने दांड्यावर हात टेकवून ठेवणाऱ्या चालकाचा क्लच मात्र भर रस्त्यात सुटत असे.

ही रचना दुबळी नव्हती. १९६७ मध्येच न्यूर्बुर्गरिंग येथील ८४ तासांच्या स्पर्धेत विक एल्फर्ड, हान्स हेरमान व योखेन नेरपाश यांनी स्पोर्टोमॅटिक बसविलेल्या ९११ आर मोटारीने विजय मिळविला होता. तरीही मागणी ओसरत गेली आणि १९८० मध्ये ही योजना बंद झाली. पुढे कित्येक वर्षे जुन्या बाजारात स्पोर्टोमॅटिक मोटार तशाच हस्तचालित मोटारीपेक्षा स्वस्त मिळे. अनेक मालकांनी तो गिअरबॉक्स काढून तेथे हस्तचालित गिअरबॉक्स बसविला. संख्येने कमी असूनही ती मोटार महाग झाली नाही. दुर्मिळ वस्तू मोलवान असतेच, या समजुतीस येथे छेद जातो. दुर्मिळतेला लोकांच्या ओढीची जोड लागते.

३. फेरारी आणि जीटी ३ : मंद यंत्राची सरशी

तिसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. १९८९ मध्ये फेरारीने फॉर्म्युला वन शर्यतीत, चालकाने सुकाणूमागील पट्टी ओढून गिअर बदलावयाची योजना आणली आणि ब्राझीलमधील पहिलीच शर्यत नायजेल मॅन्सेलने जिंकली. १९९७ मध्ये एफ ३५५ या मोटारीतून ती रस्त्यावर आली. ग्राहकांनी ती उत्साहाने स्वीकारली. पुढील एफ ४३० मध्ये हस्तचालित गिअर मागणारे अल्पसंख्य ठरले आणि २००९ ची ४५८ इटालिया केवळ दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्ससह निघाली. मार्ग बंद झाल्यावर मात्र बाजाराचे मत पालटले. हस्तचालित एफ ४३० ची किंमत पट्टीच्या गिअरच्या मोटारीपेक्षा पुष्कळ वर गेली.

पोर्शच्या बाबतीतही हेच घडले. २०१३ ची ९११ जीटी ३ फक्त पीडीके या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्ससह आली. २०१६ मध्ये हस्तचालित गिअरच्या ९९१ मोटारींपुरती ९११ आर काढण्यात आली. तिची पुनर्विक्री मूळ किमतीच्या कितीतरी पट दराने होऊ लागली. २०१७ मध्ये जीटी ३ मध्ये हस्तचालित गिअर परत आला. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ताशी १०० किलोमीटर वेग गाठण्यास पीडीके मोटारीस ३.४ सेकंद व हस्तचालित मोटारीस ३.९ सेकंद लागत. अर्धा सेकंद मागे राहणाऱ्या मोटारीसाठी ग्राहक थांबण्यास तयार होते, ही गोष्ट केवळ यांत्रिक गुणांच्या हिशेबाने उलगडत नाही. वेग मिळविण्याचे काम यंत्राने आपल्याकडे घेतल्यावर चालकाच्या हाताला काही काम उरावे, हीच मागणीची वस्तू झाली.

४. उपसंहार

या तिन्ही उदाहरणांवरून असे दिसते की, जुन्या मोटारीची किंमत ही गिअरबॉक्सच्या गुणवत्तेचे माप नव्हे. पर्याय उपलब्ध होता काय, किती जणांनी तो घेतला आणि तो नाहीसा झाल्याची हळहळ पुढील पिढीस वाटली काय, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या किमतीत एकवटलेली असतात. ग्राहकास यातून व्यवहाराचा बोध मिळतो. स्पोर्टोमॅटिक घेणाराने निर्वात नळ्या व दांड्यातील कळ तपासावी. पट्टीच्या गिअरची फेरारी घेणाराने क्लचची झीज मोजून घ्यावी. आणि महागड्या हस्तचालित मोटारीचा गिअरबॉक्स कारखान्यात बसविलेला आहे की मागाहून, हे कागदपत्रांवरून ठरवावे. किमतीतील अंतर वाढल्यापासून पट्टीच्या गिअरच्या फेरारी मोटारी हस्तचालित करून घेण्याचा प्रघात पडला आहे, म्हणून ही शेवटची तपासणी विशेष अगत्याची होय.

इतिहासाच्या अभ्यासकासही हेच पथ्य लागू पडते. एकेकाळी स्पोर्टोमॅटिक काढून हस्तचालित गिअर बसविणारा मालक आणि आज फेरारीत तेच करविणारा मालक यांनी आपापल्या काळातील अभिरुचीप्रमाणे जुन्या साधनात फेरफार केलेला असतो. आज मूळ स्थितीत सापडणाऱ्या मोटारी म्हणजे त्या काळाचा सरळ नमुना नव्हे. मागाहून आलेल्या आवडीनिवडींच्या चाळणीतून त्या उरलेल्या आहेत. तेव्हा उरलेल्या मोटारी मोजून त्या काळच्या ग्राहकांची पसंती ठरविण्यापूर्वी, मधल्या काळात कोणत्या मोटारी बदलल्या गेल्या, याचा हिशेब आधी मांडला पाहिजे.